पाहुणे निघाले चेन्नईला

एप्रिलचा दुसरा आठवडा असतो. मुंबई-पुण्याकडच्या शाळांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात आणि चेन्नईतल्या मराठी घरात फोन वाजतो. पलीकडे कधी नणंद असते, कधी मावसभाऊ, कधी वीस वर्षांपूर्वीच्या चाळीतले शेजारी.

‘‘वहिनी, या सुट्टीत तुमच्याकडेच यायचं ठरवलंय. मुलांना समुद्र दाखवू, तिरुपती करू, कांजीवरम घेऊ. आठ दिवस राहू म्हणतोय. सोय होईल ना?’’

‘‘या ना, अवश्य या! विचारताय काय?’’ वहिनी मनापासून म्हणतात. माहेरची, सासरची माणसं हजार-बाराशे किलोमीटरवरून येणार, याचा आनंद खराच असतो. पण फोन ठेवल्यावर त्यांची नजर सर्वांत आधी जाते ती मोरीतल्या पाण्याच्या पिंपाकडे.

परप्रांतात संसार थाटलेल्या प्रत्येक मराठी घराला हा अनुभव आहे. गावाकडच्या माणसांसाठी ते घर म्हणजे त्या शहराचा दरवाजा. पाहुणा येतो तो नुसता तुमच्याकडे येत नाही, तुमच्या भरवशावर एका अनोळखी मुलखात येतो. म्हणूनच चेन्नईसारख्या शहरात पाहुणचार म्हणजे केवळ गाद्या घालणं आणि पुरणपोळ्या करणं नव्हे. त्याची सुरुवात फोनवरच होते, आणि तीही एका अवघड गोष्टीने, म्हणजे खरं सांगण्याने.

सुट्टी आपली, ऋतू त्यांचा

तमिळनाडूत मे महिन्यातल्या साधारण ४ ते २८ तारखांच्या काळाला ‘अग्नी नक्षत्रम्’ म्हणतात. नावातच सगळं आलं. या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. ३१ मे २००३ रोजी तर तो ४५ अंशांवर गेला होता. मुंबईकराला घाम नवा नाही आणि नागपूरकराला ऊन नवं नाही, पण चेन्नईच्या मे महिन्यात दोघांची एकदम गाठ पडते.

त्यात पाण्याचा प्रश्न. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम या तलावांवर शहराची मोठी भिस्त. महाराष्ट्रासारखा जून-जुलैत इथे धो-धो पाऊस पडत नाही. वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस होतो, पण त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो. तो नीट झाला नाही, तर पुढच्या मे-जूनमध्ये तलावांचे तळ दिसतात. २०१९ च्या जूनमध्ये हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे ज्यांना आठवते, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. मिंजूर आणि नेम्मेली इथे समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभे राहिल्याने शहराला आधार मिळाला आहे. तरीही टँकरची वाट पाहिलेल्या गृहिणीला पिंप रिकामं ठेवून झोप येत नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत बोलवावं? तेव्हा नेमका इथला पावसाळा सुरू असतो. २०१५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ वादळानेही तेच केलं. म्हणजे महाराष्ट्रातल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या चेन्नईसाठी चुकीच्या!

योग्य काळ म्हणजे डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी. हवा सुखद, तलाव बहुधा भरलेले आणि संगीताचा हंगाम ऐन भरात. पण हे सांगायचं कसं? ‘मेमध्ये नको’ म्हटलं की ‘आम्ही जड झालो’ असा अर्थ काढणारी माणसं प्रत्येक नात्यात असतात. इथे अनुभवी गृहिणींची युक्ती साधी असते. नुसतं ‘नको’ न म्हणता त्याच दमात दुसरी तारीख द्यायची. ‘‘मेमध्ये मुलांना दुपारभर घरात कोंडून ठेवावं लागेल हो. संक्रांतीला या. इथे पोंगल असतो. तुम्हाला उसाच्या मोळ्या लावलेली दारं दाखवते.’’ अशाने पाहुणा दुखावत नाही, उलट आपला विचार केला गेला याचं त्याला बरं वाटतं. आणि शाळेमुळे ज्यांना मेशिवाय जमतच नाही, त्यांना आधीच सांगावं की सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर हिंडायचं, मधला वेळ पंख्याखाली पत्ते कुटायचे. कळून आलेला पाहुणा कुरकुर करत नाही.

‘वांगऽ, वांगऽ’ म्हणजे भाजी नव्हे!

घरातल्या आजी अजून ‘मद्रास’च म्हणतात. शहराचं नाव १९९६ साली बदललं, पण आजींच्या मनातली भीती मद्रासचीच असते. ‘तिथे म्हणे हिंदी बोलत नाहीत. हरवलो तर काय करायचं?’

स्टेशनवरून घरी येईपर्यंत ही भीती पक्की होते, कारण दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत. घरी आल्यावर शेजारच्या पाटी, म्हणजे तमिळ आजी, दारात उभ्या राहून हसत म्हणतात, ‘‘वांगऽ, वांगऽ!’’ आजी हळूच सुनेला विचारतात, ‘‘अगं, यांना वांगी हवीत का?’’ ‘वांगऽ’ म्हणजे ‘या’, हे कळल्यावर जो हशा पिकतो, त्यात निम्मी भीती विरघळते.

दुसरा हशा जेवणाच्या वेळी. शेवटच्या भाताला ‘मोर सादम्’ म्हणतात हे ऐकून भाचरं घास हातात धरून थबकतात. मोराचा भात? तमिळमध्ये मोर म्हणजे ताक. आपला साधा ताकभात!

हळूहळू लक्षात येतं की हा मुलूख वाटला तितका परका नाही. मोठ्या बहिणीला इथेही अक्का म्हणतात, मोठ्या भावाला अण्णा. दारात रोज सकाळी तांदळाच्या पिठाचं कोलम म्हणजे आपली रांगोळीच. मार्गळी महिन्यात तर अंगण भरून. नवरात्रात बाहुल्यांचा ‘गोलू’ मांडून बायकांना हळद-कुंकू आणि पान-सुपारी देतात. संक्रांतीला आजींनी शेजारी तिळगूळ नेऊन दिला की पाटींच्या घरून गोड पोंगल येतो. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तमिळ; पण हळदी-कुंकवाला दुभाषा लागत नाही.

पाहुण्यांच्या हातावर आल्या दिवशीच चार-पाच शब्द ठेवून द्यावेत. तण्णी म्हणजे पाणी. इल्लै म्हणजे नाही. एव्वळवु म्हणजे केवढ्याला. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द पोदुम्, म्हणजे पुरे. केळीच्या पानावर तिसऱ्यांदा सांबार येतं, तेव्हा याच शब्दाचा आधार!

स्वयंपाकघरातला तह

पाहुणे येताना भाजणी, मेतकूट, अमसुलं आणि गोडा मसाला आणतात. हा परप्रांतातल्या घराला मोठाच आहेर. पण मग घरच्या बाईकडून रोज थालीपीठ, भाकरी आणि पिठल्याची अपेक्षा होऊ लागली, तर तिचे आठ दिवस ओट्यापाशीच जातात. ती शहराबाहेरची राहते आणि पाहुणाही.

त्यावर तोडगा चेन्नईनेच दिलेला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात इडली-डोशाचं ताजं पीठ तयार मिळतं. सकाळचा नाष्टा बाहेरच्या पद्धतीचा, रात्रीचं जेवण घरच्या पद्धतीचं, असा तह पहिल्याच दिवशी करावा. डोसे घालणं पाहुण्या मंडळींतल्या एखाद्या काकांकडे सोपवावं. त्यांना गंमत वाटते आणि वहिनींना पंधरा मिनिटं बसून कॉफी घेता येते. ती कॉफीही फिल्टरमधल्या गाळलेल्या डिकॉक्शनची, स्टीलच्या टंबलरमधून डबऱ्यात उंचावरून ओतून फेसाळलेली. चहाशिवाय डोळे न उघडणारी मंडळी चौथ्या दिवशी कॉफी मागू लागतात, तेव्हा तह यशस्वी झाला असं समजावं.

सांबाराचं नाव संभाजी महाराजांवरून पडलं, तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात अमसुलं संपली म्हणून चिंच घातली गेली, ही कथा या वेळी हमखास निघते. ती दंतकथाच आहे, पण दोन्ही स्वयंपाकघरांना जोडणारी असल्याने कुणी फारशी उलटतपासणी करत नाही.

काय दाखवावं?

पहिला नियम असा, की दुपारी देऊळ ठरवू नये. मैलापूरचं कपालीश्वर असो की तिरुवल्लिकेणीचं पार्थसारथी, दक्षिणेतली बहुतेक देवळं साधारण बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. पंढरपूरला दिवसभर रांगेत उभं राहायची सवय असलेल्या माणसांना बंद गोपुरासमोर तळपत्या फरशीवर उभं राहावं लागलं, तर दोष देवाचा नसतो, यजमानाचा असतो. एग्मोरचं सरकारी संग्रहालय १८५१ सालचं. तिथली चोळकालीन ब्राँझमूर्तींची दालनं पाहून मुलंसुद्धा गप्प होतात. पण ते शुक्रवारी बंद असतं.

मरीना किनारा संध्याकाळी दाखवावा. भाजलेले शेंगदाणे, कैरीच्या फोडी आणि ‘सुंडल’ खात वाळूत बसावं. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे कुणाला जाऊ देऊ नये. जुहू-चौपाटीच्या सवयीने मुलं धावतात, पण इथला समुद्र ओढीचा आहे. या बाबतीत यजमानाने वाईटपणा घ्यावा.

महाबलीपुरम् साठेक किलोमीटरवर, कांचीपुरम् पाऊणशेच्या आसपास. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. कांचीला बायका साड्यांत रमल्या की दिवस कसा सरतो ते कळत नाही. ज्यांना कांचीला जमत नाही, त्यांच्यासाठी त्यागराय नगर ऊर्फ टी. नगर आहेच. साडीचं बजेट घरून निघतानाच ठरवून यावं आणि यजमानाकडून उसने पैसे घेण्याची वेळ येऊ देऊ नये. नात्यातला गोडवा अशा छोट्या व्यवहारांत आटतो. तीच गोष्ट टॅक्सीच्या भाड्याची. ‘मी देतो’, ‘छे, मी देतो’ असं रस्त्यात भांडण्यापेक्षा लांबच्या सहलीचा खर्च पाहुण्यांनी आणि घरचा खर्च यजमानांनी, असं आधी बोललेलं बरं.

आणि एक जागा मराठी पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. जॉर्ज टाउनच्या गर्दीत, तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबा देवीचं मंदिर आहे. दक्षिणेच्या मोहिमेवर असताना ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतलं, असं मंदिराची परंपरा सांगते. एरवी पाट्या वाचता येत नाहीत म्हणून बावरलेली माणसं इथे हात जोडून उभी राहतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा गेलेला दिसतो. हौशी मंडळी इथून पुढे दीडशे-एक किलोमीटरवरच्या जिंजीचा बेत करतात. १६७७ मध्ये महाराजांनी घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांना आसरा देणारा हा किल्ला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच.

सहलीला न आलेले पाहुणे

सगळेच पाहुणे हिंडायला येत नाहीत. काहींच्या पिशवीत साडीच्या यादीऐवजी तपासण्यांचे कागद असतात. १९७८ साली डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी सुरू केलेलं शंकर नेत्रालय, १९५४ सालापासून चालणारं आणि डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं अडयारचं कर्करोग रुग्णालय, थोड्या अंतरावरच्या वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांची नावं महाराष्ट्रातही लोक विश्वासाने घेतात. मग ‘तुमच्याकडे दोन दिवस उतरू का?’ असा संकोचलेला फोन येतो. अनेकदा तो जवळच्या नातलगाचाही नसतो. गावाकडच्या कुणीतरी नंबर दिलेला असतो.

या पाहुण्याला मरीना नको असतो. त्याला हवा असतो रुग्णालयात अर्ज भरताना शेजारी उभा राहणारा माणूस, तमिळमध्ये बोलणाऱ्या आयाबाईला ‘यांना कुठे बसवू?’ विचारणारा आवाज आणि संध्याकाळी मऊ वरणभात. दोन दिवसांचे पंधरा होतात. घर लहान, मुलांची परीक्षा, नवऱ्याची कचेरी. अशा वेळी घराची ओढाताण होते आणि ती लपवण्यात अर्थ नसतो. रुग्णालयाजवळची स्वस्त खोली शोधून देणं आणि रोज एक डबा पोचवणं हाही पाहुणचारच असतो. घरात ठेवून घेऊन मनातून त्रासण्यापेक्षा तो कितीतरी खरा.

दोनशे वर्षांपूर्वीचे यजमान

तमिळ मुलखातल्या मराठी माणसांपुढे हा प्रश्न पूर्वीही आला होता, आणि फार मोठ्या प्रमाणावर. तंजावरला १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी भोसल्यांचं राज्य स्थापन केलं. काशी-रामेश्वर यात्रेला निघालेले देशोदेशीचे यात्रेकरू याच प्रदेशातून पायी जात. त्यांच्यासाठी भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं उभारली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलं एक प्रसिद्ध.

१७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. छत्रांचं काय होणार, या काळजीने सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिलं आणि छत्रांत काय चालतं ते तपशीलवार सांगितलं. तिथे ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत कुणालाही न वगळता जेवण मिळे. शिजवलेला भात नको असेल त्याला शिधा मिळे. आजारी पडलेल्या वाटसरूसाठी वैद्य असे आणि बरा होईपर्यंत त्याची व्यवस्था केली जाई. अडलेल्या बाळंतिणींची, पोरक्या झालेल्या मुलांची काळजी घेतली जाई. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं.

आपल्या हातातून राज्य गेलेला राजा पत्रात पाहुण्यांच्या भाताची काळजी करतो, हे वाचून आजही गहिवरून येतं. ‘कुणी जेवायचं राहिलंय का?’ हा प्रश्न चेन्नईच्या मराठी घरात रात्री साडेनऊला विचारला जातो, तेव्हा ती घंटाच वाजत असते.

ती वाजते सावकारपेठेतही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी, तासगावकडच्या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली, तशी चेन्नईतही आली. गावाकडून नवखा मुलगा आला की तो आधी ओळखीच्या गलाईवाल्याच्या दुकानातच पथारी टाकतो, तिथेच जेवतो, तिथेच काम आणि तमिळ शिकतो. आजचा पाहुणा उद्याचा यजमान होतो.

तिसऱ्या दिवसाची परीक्षा

चांगल्या पाहुणचाराची खूण कोणती? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी कुणाला न सांगता चपला घालून बाहेर पडतात. घरात धावाधाव होते. अर्ध्या तासाने त्या शांतपणे परत येतात, हातात मोगऱ्याचा गजरा. इथे फुलं ‘मुळम्’ने, म्हणजे हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाने विकतात. आजींनी फुलवालीला स्वतःचा हात दाखवून माप घेतलं, ‘एव्वळवु?’ विचारलं, बोटांवर पैसे मोजले आणि ‘पोदुम्’ म्हणून परत आल्या. त्या संध्याकाळी मद्रासची भीती संपते. पाहुण्याला सगळीकडे हात धरून फिरवणारा यजमान मायाळू खरा, पण हात सोडून देता येईल इतकी शहराशी ओळख करून देणारा अधिक शहाणा.

आठ दिवस कसे जातात कळत नाही. निघायच्या दिवशी डब्यांत लिंबूभात भरला जातो. पाटी येतात, आजींच्या कपाळाला कुंकू लावतात, हातावर पानं-सुपारी आणि एक नारळ ठेवतात. आजी मराठी रिवाजाप्रमाणे ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘‘येते हं,’’ म्हणतात. सून ते तमिळमध्ये सांगू लागते, तेव्हा तिच्या लक्षात येतं की बदलण्यासारखं फार काही नाही. तमिळ माणूसही निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘पोयिट्टु वरेन्’ म्हणतो. जाऊन येतो.

टॅक्सी वळणाआड जाते. वहिनी घरात येतात. गाद्यांची चळत तशीच असते, ओट्यावर भाजणीचा अर्धा डबा, दारात आजींनी घातलेली सकाळची रांगोळी. त्या ती पुसत नाहीत. पिंपाचं झाकण उघडून पाणी किती उरलंय ते पाहतात आणि मग शेजारच्या पाटींकडे कॉफीला जातात.